काली, वडापाव आणि आत्याचे शेक

आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोन-तीनदा काली येते. देवी नव्हे, ‘काली ५०००’. व्हिडिओ सात-आठ मिनिटांचा असतो. आधी ढगांचा गडगडाट, मग कुठल्यातरी सिनेमातून उचललेला निळा झोत, मग खर्जातला आवाज. भारताचं असं गुप्त अस्त्र, की ज्याच्या नुसत्या नावाने शत्रूची झोप उडते! ते उपग्रह जाळतं, क्षेपणास्त्र हवेतल्या हवेत निकामी करतं आणि २०१२ साली सियाचिनजवळ पाकिस्तानी सैनिकांवर जो हिमकडा कोसळला, तोही म्हणे त्यानेच पाडला. खाली झेंडे, जोडलेले हात, ‘जय हिंद’. पाठवणारा माझा आतेभाऊ बाळूदादा. मी अंगठा देऊन मोकळी व्हायचे. लग्नाकार्यात भेटायचं असतं, कशाला वाद घाला?

मग आत्याला कॅन्सर झाला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं आणि डॉक्टरांनी पाच आठवड्यांचं रेडिएशन लिहून दिलं. आपल्याकडे त्याला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतं. बाळूदादा रोज सकाळी तिला गाडीने न्यायचा आणि आणायचा. एकही दिवस चुकला नाही, हे आधीच सांगते. माणूस वाईट नाही.

चौथ्या आठवड्यात मी भेटायला गेले, तेव्हा लक्षात आलं की बाळूदादाची तीन महिन्यांची मुलगी आतल्या खोलीत आणि आत्या बाहेर सोफ्यावर. मधलं दार लोटलेलं. शेक सुरू झाल्यापासून आत्याने नातीला हात लावला नव्हता. मी विचारलं तर हळू आवाजात म्हणाली, “अंगात राहतं ना गं ते? तिला नको लागायला.” म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं नाही का? तर म्हणे, सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून. “पण बाळूच्या त्या व्हिडिओत बघितलंय मी. असलंच मशीन होतं. माणसं जागच्या जागी गेली.”

डॉक्टर दोन मिनिटं बोलले होते. व्हिडिओ आठ मिनिटांचा होता, आणि तो तिने चार वर्षांत दहा वेळा पाहिला होता.

हा लेख त्या आठ मिनिटांविरुद्ध आहे. कल्पनेविरुद्ध नाही. मी स्वतः अॅनिमे आणि विज्ञानकथांवर पोसलेली आहे. माझं भांडण आहे ते हिशोब न करता रचलेल्या आणि वर खऱ्या म्हणून वाटलेल्या कल्पनेशी.

*

आधी काली म्हणजे काय ते बघू. ती खरोखर आहे. नाव इंग्रजी अक्षरांचं लघुरूप आहे, ‘किलो अॅम्पिअर लिनिअर इंजेक्टर’. देवीशी संबंध उच्चारापुरता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८० च्या दशकात कल्पना निघाली आणि पुढे एकेक मोठं मॉडेल तयार होत गेलं. हा इलेक्ट्रॉनांचा त्वरक आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना विजेच्या जोराने वेग देणारं यंत्र. वीज हळूहळू साठवायची आणि एका फटक्यात सोडायची. गच्चीवरची टाकी मोटरने तासभर भरावी आणि मग तळाची झाकणी एकदम उपसावी, तसं. त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांचा लखलखाट मिळवता येतो, तीव्र सूक्ष्मलहरी मिळवता येतात, आणि त्या माऱ्यात विमानातली इलेक्ट्रॉनिक्स तगतात की नाही हे तपासता येतं. उत्तम, अवघड, उपयोगी काम आहे.

व्हिडिओत एक आकडा नेहमी असतो. काली ५००० ची शक्ती ४० गिगावॅट! हा आकडा खरा आहे. चाळीस मोठी वीजकेंद्रं एकत्र केली तर इतकी शक्ती भरेल. इथे व्हिडिओ थांबतो आणि पार्श्वसंगीत वाढतं.

पण वॅट म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा. प्रश्न असा विचारायचा की किती सेकंद? उत्तर आहे जास्तीत जास्त १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. आता गुणाकार करा. ४० अब्ज वॅट गुणिले एक कोटीवा सेकंद म्हणजे ४,००० जूल.

४,००० जूल म्हणजे किती? तुमच्या बाथरूममधला दोन किलोवॅटचा गीझर दोन सेकंदांत तेवढी ऊर्जा खातो. तेवढ्याने एक लिटर पाणी एक अंशानेसुद्धा पुरतं तापत नाही. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी धरल्या, तर एका वडापावात कालीचे तीनशे फटके मावतात. आणि सगळीच्या सगळी ऊर्जा, एक कणही वाया न घालवता, शून्य अंशाच्या बर्फात ओतली, तर वितळेल १२ ग्रॅम. सरबतात टाकतो तो एक खडा.

शिवाय ती ओतायची कशी? १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन साध्या हवेत जेमतेम चार मीटर जातो आणि थकतो. दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ट्रॉम्ब्याहून सियाचिन जरा लांब आहे. “पण सूक्ष्मलहरी लांब जातात,” असं कमेंटमध्ये कुणी म्हणेलच. जातात, पण त्या याच ४,००० जुलांतून निघतात, आणि रूपांतरात त्यातला बराचसा भाग वाया जातो. वडापाव खाऊन तुम्ही धावू शकता. वडापावात नसलेल्या ऊर्जेवर नाही.

७ एप्रिल २०१२ च्या पहाटे गयारी इथल्या तळावर हिमकडा कोसळला. १४० माणसं गेली, त्यात अकरा साधे नागरिक होते. त्या उंचीवर, त्या थंडीत मृतदेह शोधण्याचं काम महिनोन् महिने चाललं. डोंगर सैन्याचा गणवेश बघत नाही. सियाचिनमध्ये आपलीही किती मुलं हिमकड्याखाली गेली आहेत. त्या १४० जणांच्या मरणाला “आपणच केलं ते” म्हणून टाळ्या घ्यायच्या, आणि तेही सरबतातल्या खड्याच्या जोरावर! यात देशभक्ती कुठे आहे मला कुणीतरी दाखवावं.

*

हे फक्त व्हॉट्सअॅपचं पाप आहे असं समजू नका. आज पस्तिशीत असलेल्यांना सप्टेंबर २००८ आठवत असेल. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत २७ किलोमीटर घेराचा ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ सुरू होणार होता. आपल्या वृत्तवाहिन्यांवर तेव्हा उलटी गिनती लागली होती. महामशीन! कृष्णविवर! पृथ्वी गिळणार! शाळेत आम्ही एकमेकींच्या वह्यांवर निरोपाच्या सह्या केल्या होत्या, हसत हसत, पण थोड्या घाबरूनही.

१० सप्टेंबरला यंत्र सुरू झालं. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने जीव दिला. वाहिन्यांवर प्रलयाच्या बातम्या बघून ती घाबरली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितल्याचं तेव्हा छापून आलं. माणूस असं पाऊल एकाच कारणाने उचलतो असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात त्या दिवसांत टीव्हीवर काय चालू होतं, याची जबाबदारी कुणाचीतरी होती.

आणि त्या दिवशी टक्कर होणारच नव्हती. १० सप्टेंबरला प्रोटॉनांचा झोत फक्त बोगद्यातून फिरवून बघायचा होता. विरुद्ध दिशेच्या झोतांची धडक हा पुढचा टप्पा. नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड बिघडला, द्रवरूप हेलियम बाहेर आला, चुंबकांची मोडतोड झाली आणि दुरुस्तीत वर्षाहून जास्त काळ गेला. ज्या यंत्राने पृथ्वी संपणार होती, ते एका सदोष जोडापायी बंद पडलं. मला विचाराल तर यात कथा आहे. हजारो माणसांनी वर्षानुवर्षं बांधलेली गोष्ट एका जोडाने अडते आणि ती माणसं पुन्हा बोगद्यात उतरतात. ती कुणी सांगितली नाही.

इथेही हिशोब साधा होता. त्या यंत्राच्या आराखड्यानुसार एका प्रोटॉनला मिळणारी ऊर्जा ७ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऐकायला भयंकर. प्रत्यक्षात ती खोलीत गुणगुणत फिरणाऱ्या डासाच्या हालचालीइतकी आहे. विशेष हे की ती डासापेक्षा अब्जावधी पटींनी लहान कणात कोंबलेली आहे, आणि म्हणूनच प्रयोगाला अर्थ आहे. संपूर्ण झोताची ऊर्जा सुमारे ३६० मेगाजूल, म्हणजे साडेदहा लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी. दोन स्कूटरच्या टाक्या भरल्या की झालं. अर्थात ती एका केसाएवढ्या झोतात असते आणि भरकटली तर तांब्याला भोक पाडेल, म्हणून तिच्यासाठी वेगळी सुरक्षायंत्रणा आहे. पण पृथ्वी गिळायला दोन टाक्या पेट्रोल पुरत नाही.

आणि निसर्ग? १९९१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये आकाशातून आलेला एक वैश्विक किरण टिपला गेला. त्या एकाच कणात सुमारे ५० जूल ऊर्जा होती, म्हणजे फिरकी गोलंदाजाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी. माणसाच्या यंत्राला जमणाऱ्या धडकांपेक्षा मोठ्या धडका आपल्या डोक्यावरच्या हवेत कोट्यवधी वर्षं होत आल्या आहेत. आपण आहोत.

*

आता तुम्ही म्हणाल, हिशोबच करायचा तर विज्ञानकथा कशाला वाचायची, पाठ्यपुस्तक काय वाईट? हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. ज्यांनी चांगली विज्ञानकथा वाचलेली नाही, तेच तो ऐकवतात.

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ हे अॅनिमे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्यात एका शत्रूला दुरून मारायला पॉझिट्रॉनांची रायफल वापरतात. शुद्ध कल्पना. पण लेखकाने प्रश्न विचारला की एवढी ऊर्जा येणार कुठून? उत्तर असं की सगळ्या जपानची वीज त्या एका बंदुकीकडे वळवायची. शहरामागून शहर अंधारात जातं आणि एक मुलगा नेम धरून बसतो. तो भाग अंगावर येतो तो झोतामुळे नाही, त्या अंधारामुळे. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये खरोखर विजेची टंचाई आली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी वीज वाचवण्याच्या मोहिमेला त्याच कारवाईचं नाव दिलं, ‘ऑपरेशन याशिमा’. हिशोब असलेली कथा लोकांना दिवा बंद करायला शिकवते. बिनहिशोबी कथा आत्याला नातीपासून तोडते.

रॉबर्ट हाइनलाइनच्या १९६६ सालच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ या कादंबरीत चंद्रावरची वसाहत विद्युतचुंबकीय गोफणीने पृथ्वीकडे धान्य पाठवते आणि बंड झाल्यावर दगड फेकते. आता हिशोब बघा. चंद्रावरून सुटायला सेकंदाला साधारण २.४ किलोमीटर वेग लागतो, म्हणजे किलोमागे सुमारे ३ मेगाजूल. तोच दगड पृथ्वीच्या ओढीने खाली येतो तेव्हा वेग ११ किलोमीटरच्या घरात, किलोमागे ६० मेगाजूल. घातले तीन, मिळाले साठ. उरलेले पृथ्वीने स्वतःच स्वतःवर मारून घेतलेले. त्या बंडाची सगळी ताकद या उतारात आहे. विज्ञान तिथे सजावट म्हणून आलेलं नाही, कथानकच त्यावर उभं आहे.

त्या कल्पनेला पुढे ‘मास ड्रायव्हर’ म्हणून गंभीरपणे घेणारा माणूस होता जेरार्ड ओ’नील. पेशाने कणभौतिकीचा शास्त्रज्ञ. १९५६ साली त्यानेच असा प्रस्ताव मांडला होता की वेगवान कण एका कड्यात साठवून ठेवता येतील आणि मग त्यांची टक्कर घडवता येईल. आजची टक्करयंत्रं त्याच वाटेवरची. पुढे १९७० च्या दशकात त्याने चंद्रावरून माल फेकणाऱ्या विद्युतचुंबकीय यंत्राचा नमुना सहकाऱ्यांबरोबर बनवून दाखवला. एकाच डोक्यात प्रोटॉनाची धडक आणि चंद्रावरची गोफण सुखाने नांदत होती, कारण दोन्हीकडे नियम एकच. झोपाळ्याला धक्का द्यायचा तर तो परत फिरतो त्या क्षणी द्यायचा. अवेळी दिलेला जोरदार धक्का झोपाळा थांबवतो. योग्य वेळी दिलेले हजार हलके धक्के त्याला आढ्याला नेतात. कण काय, दगड काय, वेग असाच वाढतो. राक्षसी बटण कुठेच नसतं.

आणि आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कुणा ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर. मराठी वाचकाला कृष्णविवर असं भेटलं, ज्याला ते समजतं अशा माणसाकडून, गोष्टीच्या रूपात. ३४ वर्षांनी तोच शब्द आपल्या टीव्हीवर आला तो पृथ्वी गिळायला. आपण पुढे गेलो की मागे?

*

दोन आक्षेप बाळूदादाकडून आले होते, त्यांची उत्तरं देते.

पहिला: “अगं, खरी माहिती गुप्त असते. तुला काय सांगणार ते?” मान्य. यंत्राची रचना गुप्त असू शकते, जागा गुप्त असू शकते, अंदाजपत्रक गुप्त असू शकतं. ऊर्जेची अक्षय्यता गुप्त ठेवता येत नाही. वीज कुठून आली, किती वेळ दिली आणि कुठे गेली, हे तीन प्रश्न कुठल्याही देशाच्या कुठल्याही अस्त्राला लागू आहेत. अमेरिकेच्या नौदलाने रेलगन, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ, बनवण्यासाठी दीड दशक खर्च केलं. गोळ्याला ३२ मेगाजूल, म्हणजे कालीचे आठ हजार फटके. तरी नळीतले रूळ झिजतात हा प्रश्न पिच्छा सोडेना, आणि २०२१ मध्ये त्यांनी तो प्रकल्प थांबवला. रूळ देशभक्ती बघून झिजत नाहीत.

दुसरा: “देशाबद्दल काही चांगलं बघवत नाही तुम्हाला.” यावर मात्र मला राग येतो. कारण चांगलं भरपूर आहे आणि त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही. सर्नच्या बोगद्यात सुमारे ३५ टनांची एकेक चुंबकं ज्या जॅकवर मापात बसवली आहेत, ते सात हजारांवर जॅक भारताने बनवून दिले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचं १७२ मीटर घेराचं कडं आहे. त्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशात प्रथिनांपासून धातूंपर्यंत सगळ्याची आतली रचना तपासतात. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १९८८ पासून पेलेट्रॉन नावाचा त्वरक चालू आहे. मुंबईच्याच ‘समीर’ या सरकारी संस्थेने कॅन्सरवरच्या उपचारांसाठी देशी त्वरक बनवला, आणि तो बसवलेल्या ठिकाणांपैकी एक आहे वर्ध्याचं सेवाग्राम. गांधींच्या गावातल्या रुग्णालयात देशी त्वरक! याहून जास्त देशभक्तीची पटकथा कुणाला सुचली असती? पण यात कुणी मरत नाही, म्हणून पार्श्वसंगीत नाही.

आणि थोडा दोष शास्त्रज्ञांच्या बाजूलाही आहे. हिग्ज कणाला ‘गॉड पार्टिकल’ हे नाव वाहिन्यांनी दिलेलं नाही. ते लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकाचं शीर्षक. पुस्तक खपलं, आणि २०१२ साली कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे चर्चा काय, तर देव सापडला का! नावाने दार उघडतं, पण मग त्या दारातून कोण आत येईल यावर ताबा राहत नाही.

*

त्या दिवशी मी आत्याजवळ बसले आणि तिच्या मशीनबद्दल बोलले. तेही त्वरकच आहे. एका नळीत इलेक्ट्रॉनांना झोपाळ्यासारखे वेळेवर धक्के मिळतात, ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात, तिथून क्ष-किरण निघतात आणि गाठ होती त्या जागेवर जातात. तुझ्या जुन्या जाडजूड टीव्हीच्या काचेमागेही इलेक्ट्रॉनांना असाच वेग द्यायचे, म्हटलं, फक्त कितीतरी कमी. बटण बंद केलं की किरण बंद. दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहतो का? तसंच. अंगात काही उरत नाही, नातीला काही लागत नाही.

‘शेक’ हा शब्दही फसवा आहे, हे मला तेव्हा जाणवलं. तिथे शेकत काहीच नाही. एका दिवसाच्या मात्रेत शरीराच्या त्या भागाला किलोमागे साधारण २ जूल मिळतात. त्याने तापमान अंशाच्या दोन हजाराव्या भागानेसुद्धा वाढत नाही. कालीच्या एका फटक्यात अशा दोन हजार मात्रा निघतील. तरी कॅन्सरच्या पेशी मरतात, कारण ती ऊर्जा पेशीतल्या डीएनएचे धागे तोडते. म्हणजे हिशोब नुसता ‘किती’चा नसतो, ‘कुठे’चाही असतो. व्हिडिओवाल्याला दोन्ही नको असतात. त्याला फक्त ‘केवढं मोठं’ हवं असतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, हात धुतले आणि दार उघडून आत गेली. चार आठवडे गेले होते. तीन महिन्यांच्या बाळाचे चार आठवडे म्हणजे तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा, तो काही परत मिळत नाही. बाळूदादा दारात उभा होता, तो काही बोलला नाही.

रात्री मी ग्रुपवर गुणाकार टाकला. ४० गिगावॅट, १०० नॅनोसेकंद, ४,००० जूल, १२ ग्रॅम बर्फ. चार वर्षांपूर्वीच टाकायला हवा होता. तेव्हा मी अंगठे देत बसले होते, तेव्हा त्या चार आठवड्यांत माझाही वाटा आहे. तुमच्या ग्रुपवर येईल तेव्हा तुम्ही लगेच टाका. भांडू नका, फक्त विचारा: किती सेकंद?

दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे बाळाचा आवाज. “काय गं, मग माझं मशीन मोठं की बाळूची काली?”

मी दादाला विचारून मशीनचा आकडा मागवला. ६० लाख व्होल्टचं होतं. कालीचा इलेक्ट्रॉन १० लाखांचा. एकेका इलेक्ट्रॉनापुरतं बघितलं तर आत्याचं मशीन सहापट. तसं तिला कळवलं. तिने ते पुढे सगळ्या ग्रुपला पाठवलं, आणि खाली पहिला अंगठा बाळूदादाचा होता.